पर्वणीनंतरची अकरा वर्षं

आमच्या पंचवटीतल्या घरात सालं मोजायची रीत वेगळी होती. मोठे काका छप्पनच्या सिंहस्थात रांगायला लागले. आत्याचं लग्न अडुसष्टच्या सिंहस्थानंतरच्या वैशाखात झालं. आजोबा ऐंशीच्या सिंहस्थाचं काम उरकून निवृत्त झाले. मधल्या वर्षांत काही घडलंच नाही असं नव्हे, पण एकोणसत्तरचा महापूर सोडला तर आजीला मधलं साल म्हणून काही आठवायचंच नाही. आणि पुराची खूणही सालाने सांगायची नसेच. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, नारोशंकराच्या घंटेला लागलं का, यावर पूर केवढा ते ठरे.

घरही असंच बारा-बारा वर्षांनी वाढलेलं. मूळचं म्हणजे ओसरी, माजघर आणि मागचं स्वयंपाकघर. मागची पडवी छप्पनची. यात्रेकरू उतरवायला म्हणून पत्रे टाकले, सिंहस्थ संपला तरी ते निघाले नाहीत, आणि पुढे तिथे काकांची अभ्यासाची खोली झाली. अंगणातला नळ अडुसष्टचा. त्याआधी पाणी गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, नाहीतर शेजारच्या आडाचं. दुसरा संडास ऐंशीचा. गच्चीचा स्लॅब एक्क्याण्णवचा, तोही गुजरातेतल्या एका कुटुंबाने ओसरीचं भाडं आगाऊ दिलं म्हणून. सिंहस्थाच्या महिन्यांत घरची माणसं पोराबाळांसकट माळ्यावर राहायची आणि खाली परक्यांचा संसार चालायचा. आजीला त्याचं काही वाटत नसे. "पाहुणे गेले की घर आपलंच आहे," असं ती म्हणे, आणि खरोखरच दर वेळी ते थोडं मोठं होऊन परत मिळे.

नाशिक शहराचीही हीच कथा आहे, फक्त दर वेळी मोठं होऊन परत मिळालं असं शहराबद्दल म्हणता येत नाही.

आजोबा नगरपालिकेत मुकादम होते, सफाईच्या खात्यात. त्यामुळे सिंहस्थाकडे पाहण्याची त्यांची नजर भाविकाची कधीच नव्हती. आखाडे, निशाणं, हत्ती, शाही मिरवणूक यांच्या गोष्टी आजीकडे. आजोबांकडे गोष्टी चरांच्या. तपोवनाच्या बाजूला साधूंचे तळ पडायच्या आधी जमिनीत लांबच लांब चर खणायचे, त्यांवर आडोसे उभारायचे, रोज माती आणि चुना टाकायचा, भरले की बुजवून शेजारी नवे खणायचे. विहिरींत लाल औषध टाकायचं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. आड जांभळा झाला की बायका त्यांना शिव्या घालत. "साधूंचं स्नान देव बघतो, आपण चर बघायचे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भीती एकच असे, पटकीची. ते सांगत की नाशिकरोड स्टेशनात उतरल्या उतरल्या लस टोचायची टेबलं मांडलेली असत आणि टोचल्याचा कागद दाखवल्याशिवाय माणसाला पुढे सोडत नसत. हुशार मंडळी आधीच देवळालीला उतरून पायी येत. त्या हुशार मंडळींवर आजोबांचा राग शेवटपर्यंत होता.

या सगळ्यातून शहराला काय मिळालं, असं मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: या गल्लीतली गटार, त्या चौकातला दिवा, अमक्या वस्तीपर्यंत गेलेली पाण्याची मोठी लाइन. कागदावर ही कामं वर्षानुवर्षं पडून असायची. सिंहस्थ आला की वरून पैसा यायचा आणि एका उन्हाळ्यात ती उरकायची. घाईत झालेली, पण झालेली. आमच्याकडचा नळही असाच आला. यात्रेकरूंसाठी टाकलेली लाइन आमच्या दारावरून गेली, एवढंच.

याच्या उलटी गोष्ट त्यांच्या वडिलांच्या तोंडची, घोड्यांच्या ट्रामची. रेल्वे गावापासून चांगली आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. तिथून मेन रोडपर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्राम सुरू झाली, घोडे ओढायचे. आज सांगितलं तर मुलांना थाप वाटते. पणजोबा सांगत की जत्रेच्या दिवसांत टपाला माणसं लोंबकळायची आणि एरवी गाडीवान प्रवाशाची वाट पाहत विडी ओढत बसायचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ट्राम बंद पडली. रूळही गेले. जुन्या शहरात आज तिची खूणसुद्धा दाखवता येत नाही. घरातली म्हातारी माणसं ट्राम आणि नळ यांची तुलना काही करत नसत. मला मात्र या दोन गोष्टी एकत्रच आठवतात. दोन्हींना पाहुण्यांनी हात दिला. नळाला रोजचं गिऱ्हाईक होतं, ट्रामला नव्हतं.

आमच्याकडे ही कसोटी दोन गावांना लागते, हेही सांगायला हवं. पेशवाईच्या उतरत्या काळात शैव आणि वैष्णव आखाड्यांत आधी स्नान कोणाचं यावरून त्र्यंबकला मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडलं, आणि शेवटी निवाडा असा झाला की शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करावं, वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर. त्या एका निवाड्याने सरकारी खर्च कायमचा दुप्पट करून ठेवला! दोन घाट, दोन साधुग्रामं, दोन बंदोबस्त आणि मधे तीसेक किलोमीटरचा रस्ता. नाशिक-त्र्यंबक रस्ता दर बारा वर्षांनी रुंद का होतो, याचं उत्तर पेशव्यांच्या दप्तरात आहे.

दुसऱ्या प्रकारची पर्वणी आमच्या घरात मामाने आणली. तो खो-खोवाला. १९९४ च्या जानेवारीत पुण्याला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा स्वयंसेवक म्हणून बालेवाडीला गेला होता. परत आला तो दिपून. भोवती सगळं शिवार, ऊस, विहिरी, आणि मधेच आकाशातून ठेवल्यासारखं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. पोहण्याचा तलाव, धावपट्टी, दिव्यांचे खांब. आमच्या आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिंहस्थच की मग. साधू कुठले होते?" मामाला तो अपमान वाटला. पण तिचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, एकाच वेळी आलेली अफाट माणसं. त्यांच्यासाठी रस्ते, पाणी, निवारा. मंत्र्यांच्या फेऱ्या, मुदतीची धावपळ. आणि मग एक दिवस सगळे निघून जातात.

बालेवाडीचं पुढे काय झालं ते मामा दर दिवाळीला सांगत असे. काही वर्षं संकुल मोठं आणि वापर थोडा. मग २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा तिथेच झाल्या, पुन्हा पैसा आला, डागडुजी झाली, नवं बांधकाम झालं. मधल्या काळात हिंजवडीला आयटी आली होती आणि शिवार इमारतींनी भरत चाललं होतं. आज बालेवाडी म्हणजे पुण्यातला महागडा भाग. तिथे देशी-परदेशी टेनिसपटू खेळून गेले, फुटबॉलचे सामने झाले. तेव्हा संकुल वाया गेलं असं म्हणता येणार नाही. मामाचं गाऱ्हाणं निराळं होतं. "मैदान पुण्याला झालं, नाशिकच्या पोराला मॅट बघायला पुण्याला जावं लागतं," असं तो म्हणे. आणि तेही खरंच. स्पर्धेचं शहर वाढतं तेव्हा शेजारच्या शहरांच्या वाट्याला बहुधा प्रवास येतो.

मोठ्या जगातही हेच चाललेलं असतं, आकडे तेवढे मोठे. बार्सिलोनाने १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने रेल्वेरुळांनी आणि कारखान्यांनी अडवलेला समुद्रकिनारा गावाला मोकळा करून दिला. लोक आजही तिथे फिरायला जातात. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज तब्बल तीस वर्षं फेडलं. अथेन्समध्ये २००४ नंतर कित्येक स्टेडियमांत गवत माजलं. दिल्लीला १९८२ च्या आशियाई स्पर्धांनी उड्डाणपूल दिले आणि आपल्याला रंगीत टीव्ही. आमच्याकडे तो त्या साली आला नाही, पण गल्लीत एकाकडे आला आणि आम्ही सगळे त्याच्या ओट्यावर.

या शहरांत आणि नाशिकमध्ये एक मोठाच फरक आहे. त्यांना यजमानपद मिळवावं लागतं. अर्ज, शिष्टमंडळं, मनधरणी, आणि काही वेळा त्याहून वाईटही काही. आम्हाला गुरूने सिंह राशीत जायचं तेवढं बाकी असतं. तारीख कोणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही आणि ती शंभर वर्षं आधी माहीत असते. असं असून कामं शेवटच्या दीड वर्षात सुरू होतात, हे कोडं मला आजवर उलगडलेलं नाही.

२००३ चा सिंहस्थ आमच्या घराने फार जवळून पाहिला. २७ ऑगस्टला, शाही स्नानाच्या दिवशी, सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली. एकोणचाळीस माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. नाणी उधळली गेली म्हणून रेटारेटी झाली असं सांगतात. त्या भागात आमचे चुलत नातेवाईक राहत. दिंडीदरवाजा उघडून त्यांनी हाताला येतील ती माणसं आत ओढली. संध्याकाळी चौकात चपलांचा ढीग होता, तो कोणी हलवेना. काकू नंतर एवढंच म्हणाली, "उतार आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळचाच आहे गं, माणसं वाढली." १९९१ च्या जनगणनेत नाशिक साडेसहा लाखांचं होतं, २०११ मध्ये ते जवळपास पंधरा लाखांचं झालं, आणि देशभरातून येणाऱ्यांचा तर हिशेबच नको. उतार मात्र वाड्यांच्या मधला, तेवढाच.

२०१५ ला त्याचा धडा घेतला गेला, थोडा जास्तच घेतला गेला. मिरवणुकीचा मार्ग बदलला. गर्दी एकट्या रामकुंडावर येऊ नये म्हणून नदीच्या खालच्या अंगाला, टाकळी, दसक, नांदूरपर्यंत नवे घाट बांधले. पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, बंदोबस्त इतका कडक की बाहेरून आलेल्यांना कित्येक किलोमीटर चालावं लागलं आणि पंचवटीतले दुकानदार माल घेऊन रस्त्याकडे बघत बसले. दुसऱ्या पर्वणीला दोर ढिले सोडले तेव्हा कुठे यात्रा भरली. जीव कोणाचा गेला नाही, ही त्या वर्षीची खरी कमाई, आणि ती मोठी आहे. बांधलेल्या घाटांवर आज गणपतीचं विसर्जन होतं. पण आमच्या जुन्या गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, भाज्या, मसाले, बांगड्या, जुने कपडे सगळं विकलं जातं, तशी रोजची वहिवाट काही त्यांतल्या बऱ्याच घाटांना पडली नाही.

मला राग आहे तो काँक्रीटचा. २००३ च्या सिंहस्थाच्या कामांत रामकुंड परिसरातल्या कुंडांचे तळ काँक्रीटने बांधून काढले. स्नानाला पाय घसरू नये, गाळ साचू नये, साफ करायला सोपं पडावं, हे हेतू वाईट नव्हते. आजोबा तेव्हा थकले होते, तरी काठी टेकत बघून आले आणि घरी येऊन म्हणाले, "झऱ्यांचं काय केलं?" या कुंडांना तळातून जिवंत झरे होते, चैत्र-वैशाखात वरून धार आटली तरी कुंड खालून ओलं राही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. सिंहस्थानंतरच्या वर्षी ते गेले. २०१५ ला दुष्काळ होता, पर्वणीसाठी गंगापूर धरणातून पाणी सोडावं लागलं आणि त्यावरून न्यायालयापर्यंत वाद गेला. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याच्या तोंडावर रामकुंड कोरडं पडलं. अख्खं कोरडं. लाखो लोक जिथे आठ महिन्यांपूर्वी बुडी मारून गेले होते तिथे टँकरने पाणी आणून ओतलं. आमच्या गल्लीतल्या एकाही म्हाताऱ्याने असं कधी पाहिलं नव्हतं. पावसाची तूट होतीच, सगळा दोष काँक्रीटवर घालणं बरोबर नाही. पण गोदावरीसाठी झटणारी मंडळी न्यायालयात भांडत राहिली आणि पुढे काही कुंडांचं काँक्रीट फोडून काढायला सुरुवात झाली, यातून काय ते कळतं. एका सिंहस्थात ओतायचं आणि पुढच्याच्या आत फोडायचं, दोन्ही वेळा पैसा आपलाच.

आत्या तपोवनाकडे दिली होती. तिच्या सासरच्या जमिनीवर साधुग्रामाचं आरक्षण. जमीन नावावर असायची, कसायलाही मिळायची. बांधायची सोय नाही, विकायला गेलं तर आरक्षण ऐकून गिऱ्हाईक पळायचं. सिंहस्थात ती काही महिन्यांसाठी घ्यायची, मोबदला द्यायचे. २०१५ च्या साधुग्रामासाठी शेतात मुरूम पसरला, रोलर फिरवला, पत्र्यांचे तंबू, नळ, विजेचे खांब आले. आत्याला साधूंची सेवा करायला मिळाली म्हणून ती खूश होती, तिने रोज ताक दिलं. सगळं उठल्यावर आतेभाऊ नांगर घालायला गेला तर फाळ मुरमात अडकला. पुढे दोन-तीन वर्षं मेथी धड आली नाही आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात वायरीचे तुकडे निघत. मोबदल्याच्या कागदात हे लिहायला रकाना नसतो.

त्याच तपोवनात २०२५ च्या नोव्हेंबरात झाडांवरून वादळ उठलं. येत्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी अठराशेच्या आसपास झाडं तोडायची किंवा हलवायची अशी नोटीस निघाली आणि लोक रस्त्यावर आले. कॉलेजची मुलं, फिरायला येणारे पेन्शनर, अभिनेते सयाजी शिंदे, सगळे. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्याची बातमी आली आणि पेढे वाटतानाची छायाचित्रं छापून आली. दोन्ही बातम्या एकाच वर्तमानपत्रात वाचताना मामा असता तर काय म्हणाला असता, असं वाटून गेलं.

झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांना धर्मद्रोही म्हणणारे होते आणि सिंहस्थ म्हणजे नुसती उधळपट्टी म्हणणारेही होते. मी दोघांतही बसत नाही. सिंहस्थाने मला नळ दिला आहे. पण नाशिककराला पाहुण्यांची इतकी सवय झाली आहे की पाहुणा आल्याशिवाय आपण स्वतःसाठी काही मागतच नाही. १२ जानेवारी २०२४ ला राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी पंतप्रधान आले, तेव्हा त्यांच्या वाटेवरचे खड्डे रातोरात बुजले. शेजारच्या गल्लीत ते तसेच. लोकांनी तक्रार केली नाही, पंतप्रधान आमच्या गल्लीतून का गेले नाहीत म्हणून हळहळ मात्र केली!

याला एक चांगला अपवाद शहराच्या ऐन मध्यात आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. साहेब लोक इथे गोल्फ खेळत म्हणून नाशिककर अजून त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणाऱ्या कान्हेऱ्यांचं नाव मैदानाला आहे, हा सूडही चांगलाच. २०१८ च्या डिसेंबरात इथे महाराष्ट्र आणि सौराष्ट्र असा रणजी सामना झाला, २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्र आणि बडोदा. खेळपट्टी चांगली केली, तात्पुरते मंडप घातले, लोकांनी जवळून क्रिकेट पाहिलं, मंडप उतरले. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅकवर तीच चालणारी मंडळी, तेच सूर्यनमस्कारवाले, तीच क्रिकेटची पोरं. सामन्यासाठी झालेली खेळपट्टी आता त्यांच्या उपयोगाची. मामा इथे आला असता तर खो-खोसाठीही एक कोपरा मागितला असता आणि तो द्यायलाच हवा होता.

आता पुन्हा निविदा निघाल्या आहेत, वळणरस्त्यांच्या, पुलांच्या, मलजलशुद्धीकरण केंद्रांच्या. कायदा करून कुंभमेळा प्राधिकरणही स्थापन झालं आहे. यातलं शुद्धीकरणाचं काम नीट झालं तर बाकी सगळं माफ करायची माझी तयारी आहे, कारण गंगेत गटारं मिसळतात ती सिंहस्थ नसतानाही, रोज. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरात, आणि समाप्ती २४ जुलै २०२८ ला, असं जाहीर झालं आहे. त्यानंतरचा सिंहस्थ बारा वर्षांनी, हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला माझ्या वतीने एक विनंती करा. २०३९ च्या आराखड्याची पहिली बैठक २५ जुलै २०२८ ला बोलवा म्हणावं, आणि तिला तपोवनातल्या शेतकऱ्यांना आणि बुधवारच्या बाजारातल्या बायकांना बसायला जागा ठेवा.